चित्राबद्दल विचार करायला लावायचाय ना, मग सगळ्यांना लिहायलाच कशाला लावायचं?

हा लेख मुख्यतः शाळेत नवीन लागलेल्या कलाशिक्षकांसाठी आहे. हात चांगला आहे, एटीडी म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा झालाय, शेडिंग, वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात), परस्पेक्टिव्ह सगळं शिकवता येतंय, आणि मग एखाद्या ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं की मुलांनी आपल्या कामावर रिफ्लेक्शन केलं पाहिजे, म्हणजे काम झालं की त्याच्याकडे परत एकदा नीट बघून काय जमलं, काय नाही, का नाही याचा विचार केला पाहिजे. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण वर्गात आल्यावर तिचं होतं काय, तर चित्राच्या मागच्या बाजूला पाच ओळी. "मला हे चित्र खूप आवडले. मी रंग छान दिले आहेत. मला खूप मजा आली." अख्ख्या वर्गाचं जवळपास सारखंच, कारण पहिल्या बेंचवरचं मागपर्यंत कॉपी होत येतं.

यात मुलांचा दोष नाही. ज्या मुलाने पितळी तांब्यावरचा चकाकणारा पांढरा भाग रंग न लावता बरोबर राखून ठेवला, त्याच्या डोक्यात भरपूर विचार झालेला असतो, पण तो पाच ओळीत मांडता येईलच असं नाही, आणि जिला निबंधात पैकीच्या पैकी पडतात ती चित्राबद्दल काहीही विचार न करता सुंदर पाच ओळी लिहून देते. मग आपण तपासलं काय? मराठीचं लेखन तपासलं, चित्राचा विचार तपासलाच नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की प्रश्न सगळ्यांना एकच द्या, तो टाळायचा नाही, पण उत्तर कसं द्यायचं ते मुलाला ठरवू द्या. हे वर्गात बसवायचं कसं ते खाली क्रमाने सांगतो.

पायरी 1: आधी प्रश्न पक्का करा

बहुतेक जण इथे घाई करतात आणि सरळ "ऑडिओ करा, पोस्टर करा, पत्र लिहा" असे प्रकार वाटायला लागतात. प्रकार कितीही दिलेत आणि प्रश्न "तुला चित्र आवडलं का?" हाच असेल तर उत्तर ऑडिओमध्येही "हो सर, आवडलं" एवढंच येणार.

चांगला प्रश्न चित्रातल्या एका जागेवर बोट ठेवायला लावतो. जसं की, चित्रात कुठल्या जागी तू ठरवलेलं बदललंस? कुठली जागा अजून जमलेली वाटत नाही? कुठे हात थांबला होता? हेच चित्र उद्या परत काढायचं असेल तर पहिली कुठली गोष्ट वेगळी करशील? आणि विषयाप्रमाणे प्रश्न बदला. स्थिरचित्र असेल तर "उजेड कुठून येतोय हे बघणाऱ्याला कुठल्या भागावरून कळेल?", संकल्पचित्र, म्हणजे आकार-रंगांची नक्षीसारखी मांडणी, असेल तर "नजर आधी कुठे जाते, आणि तुला ती तिथेच न्यायची होती का?", स्मरणचित्रात बाजार किंवा गणपती विसर्जन काढलं असेल तर "यातलं काय तू स्वतः बघितलेलं आहेस आणि काय अंदाजाने काढलंस?" हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यावर मुलं खरं बोलतात, माणसांचे पाय कसे असतात ते आठवलं नाही म्हणून सगळ्यांना गर्दीत अर्धे झाकले असं सांगतात.

एका वेळी एकच प्रश्न, जास्तीत जास्त दोन. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा आणि चित्र सुरू व्हायच्या आधी लिहायचा, म्हणजे काम करतानाच तो डोक्यात राहतो.

पायरी 2: दोनच पर्यायांपासून सुरुवात

एकदम सात पर्याय दिलेत तर पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं "मॅडम मी काय घेऊ" यातच जातील. पहिल्या वेळी फक्त लिहून किंवा बोलून. बोलणारी मुलं शेजाऱ्याला सांगतील, लिहिणारी लिहितील. चार-पाच चित्रं झाली की तिसरा पर्याय आणा, मग चौथा. वर्षभरात चार-पाच पर्याय रुळले तरी खूप झालं.

आणि प्रत्येक नवीन पर्याय आधी तुम्ही स्वतः करून दाखवायचा, तोही स्वतःच्या चित्रावर, आणि चित्र असं घ्यायचं ज्यात खरंच काहीतरी अर्धवट राहिलंय. नुसतं "चित्रावर बाण काढून लिहा" असं सांगून मुलांना काही कळत नाही. सर स्वतःच्या लॅण्डस्केपवर बोट ठेवून म्हणतायत की हा डोंगर मी जवळच्या झाडाइतकाच गडद केला म्हणून तो लांब गेला नाही, हे एकदा बघितलं की मुलांना नेमकं कसं बोलायचं ते कळतं, आणि सरांचंही जमत नाही कधीकधी म्हटल्यावर भीती जाते.

पायरी 3: पर्याय कुठले ठेवायचे

लिहिणं काढून टाकू नका. काही मुलांना लिहितानाच सुचतं, आणि जी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत ती कागदावर मोकळी होतात. फक्त "पाच ओळी" ही अट काढा. एक वाक्य चालेल, तुटक शब्द चालतील, शुद्धलेखन बघायचं नाही. लिहिण्यातलाच एक चांगला प्रकार म्हणजे पत्र. व्हॅन गॉग आपल्या भावाला, थिओला, शेकडो पत्रं लिहायचा आणि त्यात चालू असलेल्या चित्राचं छोटं स्केच काढून कुठे कुठला रंग आहे ते लिहायचा. ऑक्टोबर 1888 मध्ये त्याने आपल्या बेडरूमच्या चित्राबद्दल असंच लिहिलंय, भिंती कुठल्या रंगाच्या, पलंग कुठल्या पिवळ्याचा, सगळं. मुलांना हे सांगितलं की ती मामाला, गावाकडच्या आजीला, शाळा सोडून गेलेल्या मैत्रिणीला पत्र लिहितात, आणि ज्याने चित्र बघितलेलंच नाही त्याला समजवायचं असल्यामुळे "छान रंग दिले" वर भागत नाही, कुठला रंग ते सांगावंच लागतं.

बोलणं. जोडीत बोलणं सगळ्यात सोपं, साहित्य काही लागत नाही. एकाने एक मिनिट आपल्या चित्राबद्दल बोलायचं, दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं आणि शेवटी ऐकलेलं एक वाक्यात परत सांगायचं. ऐकणाऱ्याला परत सांगायचंय म्हटल्यावर तो खरंच ऐकतो. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर तुमच्या फोनवर, एका मुलाचं एक मिनिट, आणि पालकांची परवानगी आधी घेऊन. ते रेकॉर्डिंग वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. मूल तुमच्याशी बोललेलं असतं, गावाशी नाही.

इथे भाषेचं एक महत्त्वाचं आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, कोकणी, तेलुगू, हिंदी जे काही बोलतात त्यात बोलू द्या. चित्राबद्दल बोलताना प्रमाण मराठीची अट कशाला? तुम्हाला ती बोली येत नसेल तर वर्गातलंच दुसरं मूल सांगतं की. ज्या मुलीकडून तुम्ही महिनोन्महिने "हो" आणि "नाही" याच्या पुढे काही ऐकलं नसेल ती आपल्या बोलीत भिंतीवरचं वारली काम आणि कागदावरचं काम यात काय फरक पडतो ते सांगायला लागते, तेव्हा कळतं की गप्प बसण्याचं कारण विचार नसणं हे नव्हतंच.

चित्रानेच चित्राबद्दल सांगणं. हा माझा सगळ्यात लाडका पर्याय आहे आणि आपल्या शाळांमध्ये हाच सगळ्यात कमी वापरला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. याचे दोन प्रकार करा. पहिला, ट्रेसिंग पेपरचा. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, वरच्या कडेला पेपर क्लिप लावायची, आणि पेन्सिलीने वरती खुणा करायच्या, जमलेल्या जागेला गोल, अडलेल्या जागेला फुली, नजर कशी फिरते त्याचे बाण, आणि हवे तर दोन-तीन शब्द. मूळ चित्र खराब होत नाही, त्यामुळे मुलं बिनधास्त खुणा करतात. ट्रेसिंग पेपर अख्ख्या वर्गाला महाग पडतो, तर पातळ बटर पेपर चालतो. दुसरा प्रकार, छोटं रफ. पाठकोरा कागद घ्यायचा, त्यावर काडेपेटीएवढी दोन चौकटं काढायची, एकात आत्ताचं चित्र जसं आहे तसं फक्त मोठ्या आकारांत, दुसऱ्यात "परत काढलं असतं तर" असं. पाच मिनिटांत होतं. दोन चौकटं शेजारी ठेवली की मुलाने काय बदललं ते एका नजरेत दिसतं, घर मधोमध होतं ते डावीकडे सरकवलंय, क्षितिजरेषा वर घेतलीय, मागची गर्दी कमी केलीय. याच्यावर एक अक्षरही लिहिलेलं नसतं आणि तरी विचार पूर्ण दिसतो.

टप्प्यांचे फोटो. काम चालू असताना तीनदा फोटो, आऊटलाईन झाल्यावर, पहिला वॉश दिल्यावर, शेवटी. मग तीन फोटो शेजारी ठेवून मुलाने फक्त एवढंच दाखवायचं की कुठल्या टप्प्याला काय बदललं. पिकासोने 1937 मध्ये गेर्निका हे आपलं प्रसिद्ध युद्धविरोधी चित्र रंगवलं तेव्हा दोरा मार या फोटोग्राफर बाईंनी ते चित्र होत असताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले, आणि त्यात दिसतं की आधी एक वर उगारलेली मूठ होती ती नंतर गेली, घोड्याचं खाली गेलेलं डोकं वर आलं. आठवी-नववीच्या मुलांना हे फोटो दाखवा, एवढ्या मोठ्या चित्रकारानेही अर्ध्यातून बदललं हे बघून खोडरबरची लाज वाटेनाशी होते. वर्गातल्या सगळ्यांचे फोटो प्रत्येक वेळी काढत बसणं शक्य नाही, एका चित्राला एका रांगेतल्या मुलांचे काढा, पुढच्या वेळी दुसरी रांग.

रांग लावणं. मुलाने आपली या वर्षातली पाच-सहा चित्रं जमिनीवर मांडायची आणि एखाद्या निकषावर ओळीने लावायची, जसं सगळ्यात धीटपणे रंग लावलेलं ते सगळ्यात घाबरत लावलेलं. क्रम लावून झाला की कुठल्याही दोन चित्रांमधला फरक सांगायचा. पाचवी-सहावीच्या मुलांना हे खूप जमतं, त्यांना बसून लिहिण्यापेक्षा हलवाहलव आवडते.

आणि डायरी, म्हणजे स्केचबुकच्या मागच्या पानांवर चालू ठेवायची नोंद. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वर्षानुवर्षं डायऱ्या ठेवल्या, त्यात शब्दही आहेत आणि छोटी रेखाटनंही, दोन्ही एकमेकांत मिसळलेलं. मोठ्या मुलांना, विशेषतः ज्यांना पुढे कला महाविद्यालयात जायचंय, त्यांना हे जरूर सुचवा. पण डायरी सक्तीची करू नका आणि प्रत्येक पान तपासू नका, तपासलं की ती वही होते.

पायरी 4: वेळ कुठून काढायचा

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि बरोबर आहे, आठवड्याला एखाद-दुसरा तास, त्यातला अर्धा पाणी आणण्यात आणि पॅलेट धुण्यात जातो. उपाय असा की रिफ्लेक्शन शेवटी वेगळं ठेवू नका, चित्राच्या मध्येच घाला. चित्र अर्धं झालं की ब्रश खाली, सगळ्यांनी उभं राहून दोन पावलं मागे जाऊन तीन मिनिटं फक्त बघायचं आणि निवडलेल्या पर्यायाने उत्तर द्यायचं. मध्ये केलेलं जास्त उपयोगी, कारण अजून बदलता येतं. शेवटी कळून उपयोग काय, चित्र तर जमा झालं.

दुसरं म्हणजे प्रत्येक चित्रावर प्रत्येक मुलाचं ऐकायलाच पाहिजे असं नाही. सगळे करतील, पण तुम्ही एका वेळी एका गटाकडे नीट बघा. साठ मुलांचा वर्ग असेल तर दहा-बारा मुलं. पाच-सहा चित्रांत सगळा वर्ग होतो.

पायरी 5: निवड खरंच मुलाची राहील हे बघा

वर्गातली चित्रकलेतली हुशार मुलं जे घेतील ते बाकीचे घेतात, म्हणून निवड आधी गुपचूप करायला सांगा, कागदाच्या कोपऱ्यात एक खूण, लिहिण्याला पेन्सिल, बोलण्याला तोंड, रफला चौकट, अशी. मग उघड करायचं.

एखादं मूल दर वेळी तेच घेत असेल तर? माझं मत असं की लगेच हलवू नका. सतत बोलणंच निवडणारा मुलगा प्रत्येक वेळी आधीपेक्षा नेमकं बोलत असेल तर अडचण काय आहे? पण तो तेच तीन शब्द परत परत म्हणत असेल तर मग पुढच्या वेळी तुम्ही सुचवा, "या वेळी चौकटी काढून बघतोस का?" सुचवायचं, लादायचं नाही.

आणि एखाद्या दिवशी काहीच सांगायचं नसेल तर तेही चालू द्या. अमूर्त चित्रं काढणारे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांबद्दल फारच कमी बोलायचे, म्हणून त्यांचा विचार कमी होता असं कुणी म्हणेल का? मुलाने घरातलं काहीतरी दुःखाचं चित्रात काढलेलं असतं, त्याबद्दल त्याला चाळीस पोरांसमोर बोलायला लावणं हा सरळ अन्याय आहे. त्यासाठी "फक्त सरांसाठी" असा एक पर्याय कायम ठेवा, घडी घातलेला कागद, जो तुम्ही एकटेच वाचणार. आणि दिलेला शब्द पाळा, फक्त मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न दिसला तरच मुख्याध्यापकांशी बोला, आणि ही अट मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पायरी 6: मित्रांकडून ऐकताना

मुलं एकमेकांच्या चित्राला एकतर "भारी" म्हणतात नाहीतर "ए हे काय काढलंय". लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने 1990 च्या सुमारास एक पद्धत बसवली, ती नाचासाठी असली तरी चित्राला मस्त लागू पडते. आधी बघणारे सांगतात की त्यांना यात काय महत्त्वाचं वाटलं, मग ज्याचं काम आहे तो स्वतः प्रश्न विचारतो, मग बघणारे प्रश्न विचारतात पण ज्यात मत लपलेलं नाही असे, आणि सगळ्यात शेवटी मत, तेही आधी "सांगू का?" असं विचारून. समोरचा "नको" म्हणू शकतो.

तिसऱ्या भागाला सराव लागतो. "आकाश एवढं लाल का केलंस?" यात आधीच आक्षेप आहे. "आकाशाला हा रंग द्यायचं कसं ठरवलंस?" यात नाही. फळ्यावर असे चार-पाच प्रश्न लिहून वर्गालाच बदलायला सांगा, हा एक तास वाया जात नाही, पुढे वर्षभर वर्गाची भाषा बदलते.

पायरी 7: नोंद आणि ग्रेड

आता मुख्याध्यापक विचारतील की एकाने बोललं, एकाने चौकटी काढल्या, एकीने पत्र लिहिलं, तपासायचं कसं? सगळ्यांना एकाच मापाने तपासायचं. मी तीनच गोष्टी बघायला सांगेन. मुलाने चित्रातली नेमकी जागा दाखवली का? तिथे काय झालं त्याचं कारण दिलं का? पुढे काय करणार ते सांगितलं किंवा दाखवलं का? अक्षर, शुद्धलेखन, बोलण्यातला सफाईदारपणा, ऑडिओची क्वालिटी, यातलं काही मोजायचं नाही. आणि स्वतःच्या कामावर कडक टीका केली म्हणून जास्त गुण असंही नको, नाहीतर मुलं गुणांसाठी स्वतःच्या चित्राला नावं ठेवायला शिकतात.

कागदोपत्री हे अडत नाही. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं आहेच, म्हणजे मुलाचं एक मिनिटाचं बोलणं तोंडीकामात बसतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतीपत्रकात मुलाचं स्वतःचं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही असावं असं म्हटलंय. कुणी अडवलं तर हे दोन मुद्दे पुढे ठेवा.

याचा अजून एक मोठा फायदा वर्णनात्मक नोंदींना होतो. सत्राच्या शेवटी "रंगसंगतीची जाण आहे", "चित्र सुबक काढतो" या तयार नोंदी उतरवायची गरज राहत नाही. "गडद रंग लावायला घाबरत होती, तिसऱ्या चित्रापासून सावलीत निळा वापरायला लागली, हे तिने स्वतः रफमधून दाखवलं" अशी नोंद पालकांनाही वाचावीशी वाटते, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या शिक्षकालाही उपयोगी पडते. त्यासाठी एक साधी वही करा, मुलाला एक पान, ऐकलेलं एखादं वाक्य तारखेसकट त्याच्याच शब्दांत लगेच लिहायचं, नंतर आठवत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचं काय?

चित्रकलेच्या या दोन सरकारी ग्रेड परीक्षांच्या तयारीत हे सगळं बाजूला पडतं, वेळच नसतो असं म्हणतात. उलट त्याच मुलांना याची गरज जास्त, कारण ती सरावाचे पेपर एकामागून एक काढत जातात आणि प्रत्येकात तीच चूक असते, बाटलीच्या तळाची लंबवर्तुळाकार कड सपाट काढणं, नाहीतर अक्षरलेखनात शेवटच्या अक्षरांना जागा कमी पडणं. त्यांच्यासाठी पर्याय छोटे ठेवा. सरावाचा पेपर झाला की ट्रेसिंग पेपरवर फक्त दोन फुल्या, किंवा शेजाऱ्याला अर्ध्या मिनिटात सांगणं, किंवा कागदाच्या मागे वेळ कुठे गेला त्याची साधी पट्टी, रेखाटनाला किती, रंगाला किती, फिनिशिंगला किती. तिन्हीतलं काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं. महिन्यातून एकदा सगळे सरावाचे पेपर मांडून रांग लावायची, आणि पुढच्या पेपरला कुठल्या एका गोष्टीकडे लक्ष देणार ते ड्रॉइंग बोर्डच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून मगच कागद लावायचा.